कॉलबॉय

मनमाडला आता सतरा दिवसांनी नळ येतो
आणि आई म्हणते, "इंजिनं होती तेव्हा…"
मग अडखळते. पापड आठवतात तिला.
अंगणात वाळत घातलेले उडदाचे पांढरे पापड
दुपारची पॅसेंजर गेली की
तिळाचे दिसायचे.

तात्या कॉलबॉय होते.
माझ्या मुलीला वाटलं, फोनच्या कंपनीत असतील.
काम इतकंच: रात्री सायकल काढायची,
दांडीला कंदील अडकवायचा,
लोकोशेडच्या वहीत ज्यांची नावं
त्यांची दारं ठोठवायची, गाडीच्या दोन तास आधी.
लाझरस ड्रायव्हर "आलो रे रखमाजी" म्हणून
पुन्हा घोरायला लागायचा,
त्याच्या खिडकीशी सही होईतो उभं राहावं लागे.
मन्नान फायरमन मात्र कडी वाजायच्या आत जागा.
त्याचा खोकला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा.
तिथूनच मागे फिरावं, असं तात्यांना वाटे,
पण वहीत खोकला चालत नाही,
सही लागते.

सगळं गाव निजलेलं
आणि माझा बाप दारोदार झोप मोडत हिंडायचा,
तिचा पगार आणायचा.

पहाटे आम्ही राखेच्या खड्ड्यावर.
अर्धवट जळलेला कोळसा हलका असतो,
भोकाभोकांचा, वाळक्या भाकरीसारखा.
वरून विझलेला दिसला तरी हात घालू नये
हे मला डाव्या तळव्यावरच्या
चिंचोक्याएवढ्या डागानं शिकवलं.
मन्नानचाचा हाक मारायचे, "हंडा आण गं,"
आणि कुठलीशी नळी सोडून
वाफाळतं पाणी द्यायचे.
त्याला लोखंडाचा वास.
माझ्या केसांना शाळेत तोच वास यायचा,
शेजारची मुलगी बाक सोडून बसायची.
आज कुणी विचारलं, बालपण कशाचं,
तर मी काय सांगू,
नाक मुरडलं जायचं त्याचं.

शेवटच्या दिवशी
इंजिनाला झेंडूची माळ घातली.
साहेबांनी नारळ फोडला,
पाणी बॉयलरवर ओघळलं
आणि चुर्र झालं नाही.
आग आदल्या रात्रीच काढून टाकली होती.
डिझेलनं मागून रेटलं
आणि ते थंडगार काळं धूड
फोटोपुरतं चार हात पुढे सरकलं.
मन्नानचाचा फोटोत नाहीत.
ते त्या आधीच्या उन्हाळ्यात गेले,
छातीत काय काय साठवून.
त्या धुराची आठवण काढताना
माझी जीभ जरा जड होते ती ह्यामुळे.

तात्यांना पार्सल ऑफिसात बसवलं. दिवसपाळी.
रात्री झोपायचं असतं
हे त्यांना रिटायर होईतो जमलं नाही.

आता चौऱ्याऐंशी.
परवा रात्री माझ्या खोलीची कडी वाजली.
दारात तात्या, बंडी उलटी घातलेली,
हातात मोबाईलचा दिवा,
काखेत माझ्या मुलीची गणिताची वही.
"साडेचारची गुड्स. उठा. सही करा."
मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.
ते माझ्याकडे पाहत नव्हते,
माझ्या जागी जो कुणी उभा होता त्याला ओळखत होते.
अपूर्णांकांच्या खाली मी सही केली.
त्यांनी दिव्याखाली नीट पाहिली.
"वेळ?"
दोन चाळीस, लिहिलं.
मान हलवून ते पुढच्या दाराकडे निघाले.
पुढचं दार रस्त्याचं.

चपला शोधून मी मागून गेले.
वारा अनकाईकडून येत होता,
नुसता वारा, त्यात काही नव्हतं.
तेवढ्यात रुळांवरून मालगाडी गेली,
विजेची, लांबच लांब,
डबे संपेचनात.
लाल दिवा दिसेनासा होईतो तात्या वही छातीशी धरून उभे.
मग माझ्याकडे वळले, जरा रागातच:
"आणि ह्यांना उठवलं कुणी?"